मंजुबेन आणि मेलेल्या बरण्या

सकाळी आठच्या ठोक्याला लॅबचं बाहेरचं दार वाजायचं, चपला काढल्याचा आवाज यायचा आणि पाठोपाठ मंजुबेन विचारायच्या, "आज काय मरनं?"

आज काय मेलं? नमस्कार नाही, चमत्कार नाही, चहा झाला का नाही. सकाळच्या पहिल्या वाक्यातच मरण. मी तिथं नवीन लागले तेव्हा मला वाटलं, बाईंच्या घरी कुणी आजारी असेल, म्हणून तोंडात तेच बसलंय. मग कळलं की हा प्रश्न माणसांबद्दल नव्हता, बरण्यांबद्दल होता. आणि त्याचं उत्तर खरं द्यायचं असतं हे कळायला तर मला पुष्कळच दिवस लागले.

शहाद्याहून पुरुषोत्तमनगरकडे जाताना उजव्या हाताला केळीच्या बागा लागतात, त्यांच्या आड आमची लॅब होती. केळीची रोपं काचेच्या बरणीत वाढवायची लॅब. केळीच्या कंदातला आतला कोवळा कोंब घ्यायचा, त्याचे बारीक तुकडे करायचे आणि बरणीतल्या जेलीवर ठेवायचे. त्या जेलीत साखर असते, क्षार असतात. ती बनवणं माझं काम. मी तिला रोपांचा खाऊ म्हणायचे. पण साखर म्हटली की मुंग्या आल्याच, तशी इथं बुरशी. हवेतला एक कण आत गेला तरी दोन-चार दिवसांत अख्खी बरणी काळी किंवा हिरवी होते आणि रोप मरतं. म्हणून सगळं स्वच्छ लागतं. नखं कापलेली, बांगड्या काढलेल्या, केस टोपीत, हात कोपरापर्यंत धुतलेले. मंजुबेन या सगळ्याच्या प्रमुख.

मंजुबेन तापीकाठच्या गुजर घरातल्या. गावात डोक्यावर पदर, लॅबमध्ये डोक्यावर टोपी. त्यांचे केस मी इतक्या वर्षांत एकदाही पाहिले नाहीत. त्या घरी गुजरी बोलायच्या, आमच्याशी अहिराणी आणि पाहुणे आले की छापील मराठी. पोरींशी बोलताना तर चक्क भिलीत दोन वाक्यं ठोकायच्या. ती इतकी वाईट असायची की पोरी तोंडावर हात धरून हसायच्या. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. "हसा ना. मी तुमचं बोलते तर हसता, तुम्ही माझं बोलाल तेव्हा मी हसेन. फिटंफाट," म्हणायच्या.

या पोरी म्हणजे आमच्या इंटर्न. सातपुड्यातल्या. धडगाव, मोलगी, काठी, तिकडच्या पाड्यांवरून आश्रमशाळेत शिकून शहाद्याच्या कॉलेजात बीएस्सीला आलेल्या. मंजुबेन कॉलेजात जाऊन त्यांना शोधून आणायच्या. लॅबमध्ये सहा महिने काम शिकायचं, शेवटी कागद मिळायचा, आणि त्या कागदावर पुण्याच्या, नाशिकच्या मोठ्या लॅबांची दारं उघडायची. आधी आमच्याकडे यायचे ते सगळे गावातल्या बागाईतदारांचे ओळखीचे मुलगे. मंजुबेननी ते बंद केलं. "त्यांना दार उघडायला त्यांचे बाप आहेत," एवढंच बोलल्या आणि तो विषय तिथं संपला.

पण या पोरींची एक मोठी पंचाईत होती. त्या बोलायच्या नाहीत. वसतिगृहात वर्षानुवर्षं "हो सर, नाही सर" करून त्यांना एक गोष्ट पक्की शिकवलेली होती, की चूक झाली तर गप्प बसायचं. काच फुटली तर तुकडे लपवायचे. समजलं नाही तर मान हलवायची. लॅबमध्ये हे चालत नाही हो! एक बरणी बिघडली आणि तुम्ही ती मागं सरकवली, तर आठवड्यात शेजारच्या दहा जातात.

यावर मंजुबेनचा उपाय ऐका. पोरी आल्या की पहिल्या दिवशी त्या त्यांना एका फळीपुढं उभं करायच्या. ती फळी चहा प्यायच्या जागेत, सगळ्यांना दिसेल अशी भिंतीला ठोकलेली. तिच्यावर मेलेल्या बरण्या, घट्ट बंद. काळ्या, हिरव्या, केशरी, एकीत तर कापसासारखी पांढरी बुरशी झाकणाला टेकलेली. प्रत्येकीवर मारणाऱ्याचं नाव. आणि सगळ्यांत जास्त नावं कुणाची? मंजुबेनची. "हे मी मारलं. हेही मी. हे मी मारलं त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं," असं त्या एखादीनं माहेरचे फोटो दाखवावेत तसं दाखवायच्या.

मग म्हणायच्या, "आता तुम्ही प्रत्येकीनं एक एक मारा."

पोरी बघतच राहायच्या. मंजुबेन प्रत्येकीच्या हातात एक चांगली, हिरवीगार रोपाची बरणी द्यायच्या. "उघड. खोक आत. बोट घाल. केस टाक एखादा." एक तर रडायला लागली, म्हणाली, "बेन, जिवंत आहे ते." मंजुबेन म्हणाल्या, "म्हणूनच. कसं मरतं ते एकदा डोळ्यांनी बघ, म्हणजे पुढं वाचवशील." चार दिवसांनी त्या बरण्या फळीवर चढायच्या, नावासकट. पहिली चूक अशी मुद्दाम, सगळ्यांसमोर, हसत हसत झालेली असली की दुसरी सांगायला जीभ अडत नाही. मी फटकळ बाई, मला सहजासहजी कुणाचं कौतुक वाटत नाही, पण ही युक्ती पहिल्यांदा पाहिली त्या दिवशी मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, की या बाईचं डोकं काही वेगळंच आहे.

नियमाच्या मात्र त्या भलत्याच कडक. आमचे चेअरमन जगनभाई, कंपनी त्यांचीच. एकदा ते पाहुण्यांना घेऊन आत निघाले. बोटात जाड सोन्याची अंगठी. मंजुबेन दारात उभ्या. "जगनभाई, अंगठी."

"अरे, ही निघत नाही आता. लग्नातली आहे."

"मग तुम्ही काचेतून बघा. पाहुण्यांना मी आत नेते."

आणि नेलं! चेअरमन बाहेर काचेला नाक लावून उभे आणि पाहुणे आत. आम्ही सगळ्या आपापल्या जागी मान खाली घालून कामाला लागलो, पण हसू आवरता आवरत नव्हतं. जगनभाई पुढच्या वेळी आले ते बोटाला साबण लावून, अंगठी खिशात ठेवून. मनाचा मोठाच माणूस होता तो, पण राग आला की कुणाचं ऐकायचा नाही. हे पुढं महत्त्वाचं आहे म्हणून सांगून ठेवते.

सेवंती पाडवी आमच्याकडे आली ती दिवाळीनंतर. काठीच्या वरच्या अंगाला कुठंतरी तिचा पाडा. बारीक, सावळी, हाताला अतिशय हलकी. तिच्या चिमट्यातून कोंब जेलीवर असा उतरायचा की खालची जेली हलायचीसुद्धा नाही. आणि बोलणं? तिच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दगडातून पाणी काढणं.

ती येऊन थोडे दिवस झाले तर एके दिवशी फाटकापाशी एक माणूस येऊन बसला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. कुणाशी बोलेना. शेवटी मीच गेले. मला विचारतो, "मुकादम कोन शे?"

"इथं मुकादम नाही हो बाबा. ही लॅब आहे."

"मन्ही पोर शे आठे. मुकादमले बोलाव."

मी कपाळावर हात मारला. तो सेवंतीचा बाप, रुमशा. त्याचंही बरोबरच होतं म्हणा. त्यांच्याकडे माणूस घर सोडून सहा महिने कामाला जातो म्हणजे गुजरातेत ऊस तोडायला जातो. मुकादम येतो, टोळी नेतो, राहायची-खायची सोय तो बघतो. पोरगी सहा महिने कामाला गेली, राहायची-खायची सोय आहे, म्हणजे मुकादम असणारच. मी हे सगळं समजावून सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात मंजुबेन बाहेर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "मी शे मुकादम."

तो उठून उभा राहिला. बाई मुकादम त्यानं पाहिली नसावी.

"कोणतं काम देता?"

"चला, दाखवते."

आणि त्या माणसाला त्यांनी नळावर नेलं. पाय धुवायला लावले, हात कोपरापर्यंत धुवायला लावले, अंगात पांढरा कोट घातला, डोक्याला टोपी. काचेपाशी नेऊन उभं केलं. आत सेवंती बसलेली, पुढं छोटा दिवा, हातात चिमटा, समोर बरण्यांची रांग. बाप बघत राहिला.

"काय करी ऱ्हायनी ती?"

"केळी लावतेय."

"बाटलीत?" तो हसायला लागला. आधी हळू, मग मोठ्यानं. काचेवर टकटक केलं. सेवंतीनं वर पाहिलं, पांढऱ्या कोटातल्या बापाला बघून तिला पण हसू फुटलं. मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा.

जाताना रुमशानं सरळ सांगितलं. थोरलीला बाळ झालंय, टोळीत एक कोयता कमी पडतो. सेवंतीला तो या हंगामापुरता सोडतोय. काम पुरं करून कागद मिळाला तर ती पुढं जाईल तिथं जाऊ दे. पण मधूनच घरी पाठवली, तर होळीनंतर टोळी पुन्हा निघेल तेव्हा ती टोळीबरोबर येईल. मंजुबेननी मान डोलावली. सेवंती दारात उभी राहून सगळं ऐकत होती. त्या दिवसापासून ती सकाळी सगळ्यांच्या आधी यायची.

हिवाळा गेला. सेवंती बोलायला लागली. मंजुबेनचा नियम असा की जे शिकलात ते आधी आपल्या घरच्या बोलीत सांगायचं, मग मराठीत आणि इंग्रजी नाव सगळ्यांत शेवटी. "घरच्या बोलीत सांगता आलं नाही तर समजलं नाही," म्हणायच्या. सेवंती भिलीत सांगायला लागली की तिचे हात चालायचे, डोळे चालायचे, वेगळीच पोरगी. पुण्याच्या एका संस्थेत तिच्यासाठी मंजुबेननी बोलणंही लावलं. उन्हाळ्याअखेर जागा होती. अट एकच, इथला कागद.

होळीला पोरी घरी गेल्या. काठीची होळी म्हणजे त्यांच्यासाठी दिवाळी-दसऱ्याच्या वरचा सण. पहाटेपर्यंत ढोल, अंगावर नक्षी, डोक्यावर मोरपिसं, कमरेला घुंगरं. सेवंतीचा भाऊ त्या वर्षी नवस पाळत होता. दोन-चार दिवसांनी पोरी परत आल्या, डोळे लाल, पाय सुजलेले, चेहरे फुललेले. लॅब पुन्हा सुरू झाली.

आणि आठवड्याच्या आत मरण सुरू झालं.

पहिल्या दिवशी वाढीच्या खोलीत काही बरण्या. दुसऱ्या दिवशी एक फळी. मग मांडणीच्या मांडणी. काळी बुरशी, काजळ पसरावं तशी. ही रोपं उन्हाळ्यानंतरच्या लागवडीची, शेतकऱ्यांनी सांगून ठेवलेली. आम्ही सगळ्या हबकून गेलो. मी माझा खाऊ तपासला, तो वाफवायचा कुकर तपासला, पाणी तपासलं. काही सापडेना. देवा, त्या दिवसांत मला जेवण जायचं नाही. बरण्या टोपल्यांत भरून बाहेर न्यायच्या, पुन्हा कुकरात घालून बुरशी मारायची आणि टाकून द्यायच्या. मुलंबाळं पुरल्यासारखं वाटायचं.

त्या सकाळीही मंजुबेननी आत येऊन विचारलं, "आज काय मरनं?" आवाज तोच, नेहमीचा.

मग सेवंती पुढं आली. चेहरा पांढरा पडलेला. म्हणाली, "बेन, माझ्यामुळे मेलं सगळं."

"कसं?"

"मी राख ठेवली."

आम्हाला कळेना. ती हुंदके देत सांगायला लागली. त्यांच्याकडे होळीची राख घरी आणतात. बियाण्यात टाकतात, म्हणजे कीड लागत नाही. आईनं लुगड्याच्या फडक्यात बांधून दिलेली. तिनं वाढीच्या खोलीत प्रत्येक मांडणीच्या कोपऱ्यात त्या फडक्याचा तुकडा आणि त्यात चिमूटभर राख ठेवली. रोपांना कीड लागू नये म्हणून. ती रोपं तिला आपली वाटत होती, म्हणून.

हे बघा, अशी चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती. शहाद्याच्या पोरीनं कंटाळा केला असता, झाकण नीट लावलं नसतं. हिनं मायेपोटी केलं. आणि कुणी विचारलंसुद्धा नव्हतं, राख झाडून टाकली असती तर जन्मात कळलं नसतं. तिला माहीत होतं की घरी पाठवलं तर कोयता आहे. तरी बोलली.

मंजुबेन खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. "काब्र रडी ऱ्हायनी? राखेनं मेलं हे तुला कुणी सांगितलं?"

"मी ठेवली, मग मेलं."

"तू राख ठेवल्यावर मंगळवारचा बाजारही भरला शहाद्यात. तोही राखेनंच भरला का?"

पोरगी रडता रडता थांबली.

"माहीत नाही म्हण. माहीत नाही, बघायला पाहिजे. कसं बघशील?"

सेवंतीनं डोळे पुसले. मग म्हणाली, "राख जेलीवर टाकून बघेन. काय उगवतं ते."

"अजून?"

"फडकं वेगळं. आणि नुसत्या जेलीची एक ताटली कोरी ठेवेन."

"बुरशी अजून कुठून येऊ शकते?"

बाकीच्या पोरी बोलायला लागल्या. आमच्या केसांतून, दाराच्या फटीतून. होळीत लाइट सारखी जात होती, खोली तापून गार होताना बरणी श्वास घेते, तेव्हा. सेवंती वर छताकडे बघत होती. हळूच म्हणाली, "वरचं मशीन."

वरचं मशीन म्हणजे एसी. एसीच्या जाळ्या दर महिन्याला उतरवून धुवायच्या असतात, आणि ते काम मंजुबेननी कधी कुणाला दिलं नव्हतं. स्वतःच करायच्या. मला आठवलं, या महिन्यात मी त्यांना जाळ्या धुताना पाहिलं नव्हतं.

"बरोबर," मंजुबेन म्हणाल्या. "त्याचीही एक ताटली लाव."

बातमीला पाय फुटले. दुपारपर्यंत जगनभाई हजर, चेहरा लाल. या वेळी अंगठीची आठवण करून द्यायची कुणाची छाती झाली नाही. बाहेरच्या खोलीतच गरजले. "राख? माझ्या लॅबमध्ये राख? मंजुबेन, मी सांगत होतो, हे डोंगरातले लोक, यांचे देवदेव, यांना जमायचं नाही. त्या पोरीला आजच घरी पाठवा. आणि पुढच्या वर्षीपासून हे सगळं बंद."

सेवंती दाराआड उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

मंजुबेन म्हणाल्या, "ताटल्या लावल्यात. त्या सांगतील तोपर्यंत थांबा."

"ताटल्या काय सांगणार? ती स्वतः कबूल झाली ना!"

"ती कबूल झाली म्हणजे ती खरं बोलली. तेच खरं कारण आहे असं नाही. तुम्ही इतके दिवस थांबलात भाई, अजून थोडं थांबा. नंतर मला सांगाल ते मी करेन."

ते दिवस कसे काढले ते मलाच ठाऊक. सेवंती रोज त्या ताटल्यांपाशी जाऊन उभी राहायची. हात लावायची नाही, फक्त बघायची. रुमशाचा निरोप आला होता की टोळी निघायची वेळ झाली, पोरीचं काय ते कळवा. मंजुबेननी काही कळवलं नाही. मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, पोरीला वाचवायचं असेल तर एसीवर ढकला आणि मोकळ्या व्हा. मंजुबेन तसं काही बोलल्या नाहीत. त्यांनी जाळ्या उतरवून धुतल्यासुद्धा नाहीत, म्हणाल्या, "पुरावा आहे तो. राहू दे." फक्त ती खोली बंद करून ठेवली.

ठरलेल्या सकाळी जगनभाई आले. मंजुबेननी टेबलावर ताटल्या मांडल्या नाहीत. सेवंतीला म्हणाल्या, "तू मांड. तू सांग."

पोरीनं एक एक ताटली ठेवली. आधी भिलीत काहीतरी पुटपुटली, सवयच ती. मग मराठीत. "ही कोरी. काही नाही. ही राखेची. काही नाही." खरंच, राखेखालची जेली स्वच्छ होती, काचेसारखी. "ही फडक्याची. हिच्यात बुरशी आली, पण हिरवी. बरण्यांत हिरवी नव्हती. तरी मी फडकं आत न्यायला नको होतं. ती माझी चूक." शेवटची ताटली तिनं ठेवली आणि शेजारी एक मेलेली बरणी ठेवली. दोन्हींत तीच काळी, काजळासारखी.

"ही वरच्या मशीनची," ती म्हणाली आणि थांबली.

जगनभाईंनी ताटलीकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं. त्यांना शेती कळत होती, हेही कळलं. "म्हणजे चूक कुणाची?"

सेवंतीनं मान खाली घातली. सगळ्या लॅबला उत्तर माहीत होतं. तिला माया लावणारी, तिच्या बापापुढं स्वतःला मुकादम म्हणवून घेणारी, पुण्याला शब्द टाकणारी बाई समोर उभी. कसं बोलायचं?

मंजुबेन म्हणाल्या, "बोल. ताटली काय म्हणते ते बोल."

"एसीची."

"एसी कोण साफ करतं?"

पोरगी ताटलीकडेच बघत राहिली.

"सेवंती, मन्हाकडे देख. कोण साफ करतं?"

सेवंतीनं वर पाहिलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज हलला नाही. म्हणाली, "तुम्ही, बेन. तुमची चूक आहे."

"शाब्बास!"

काय सांगू तुम्हाला, तो शब्द अजून माझ्या कानात आहे. कुणी आपल्याला तोंडावर, मालकासमोर चुकीचं ठरवावं आणि त्यावर कुणाचा चेहरा असा उजळावा, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. मंजुबेननी ती काळी बरणी उचलली, तिच्यावर आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवली आणि सगळ्यांच्या देखत फळीवर नेऊन ठेवली. मग जगनभाईंकडे वळल्या. "पुतणीच्या लग्नाच्या गडबडीत जाळ्या धुवायच्या राहिल्या. होळीनंतर धुऊ म्हटलं. मला घरी पाठवायचं असेल तर पाठवा. या पोरीला तिचा कागद द्यावा लागेल, तिनं तुमच्या लॅबचं दुखणं शोधून काढलंय."

जगनभाई फळीपाशी जाऊन बरणीवरची चिठ्ठी वाचून आले. मग खिशात हात घालून सेवंतीला म्हणाले, "पोरी, ती काय काय बुरशी आहे, मला पुन्हा एकदा सांग." आणि खुर्ची घेऊन बसले. आमच्याकडची इंटर्नशिप काही बंद झाली नाही. मंजुबेनना घरीही कुणी पाठवलं नाही.

पण त्यांनी स्वतःला सोडलं नाही. ज्यांची रोपं लांबली त्या शेतकऱ्यांकडे त्या भर उन्हात स्वतः गेल्या. तापीकाठची ती सगळी त्यांच्याच भावकीतली गावं. डोक्यावर पदर घेऊन प्रत्येक ओट्यावर सांगायच्या, "रोपं उशिरा मिळतील. माझ्यामुळे." मी एकदा बरोबर होते. त्यांचाच चुलतभाऊ नको नको ते बोलला, पाणीसुद्धा विचारलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या घराकडे चालू लागल्या. मी चिडून म्हटलं, "मंजुबेन, एवढं कशाला? मशीन बिघडलं म्हणायचं." त्या म्हणाल्या, "पोरींना एक शिकवायचं आणि ओट्यावर दुसरं बोलायचं? शोभा, मग ती फळी उतरवून टाकावी लागेल."

जूनच्या सुरुवातीला सेवंती पुण्याला निघाली. शहाद्याच्या एसटी स्टँडवर तिचे आई-बाप आलेले, भाऊ आलेला, आम्ही लॅबमधल्या. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिनं छातीशी धरलेला. गाडी लागली तसा रुमशानं कमरेचा बटवा सोडला आणि त्यातून राख काढली. त्याच होळीची. लेकीच्या कपाळाला लावली. मग त्याचा हात तसाच राहिला. त्यानं मंजुबेनकडे पाहिलं. लावावी की नाही ते त्याला कळेना. यांना स्वच्छता किती लागते हे त्यानंही पाहिलेलंच, पाय धुवायला लावले होते ना त्याला.

मंजुबेननी डोक्यावरचा पदर थोडा मागं सारला आणि कपाळ पुढं केलं.

त्यानं राखेचं बोट ओढलं. "मुकादम," एवढंच म्हणाला. गाडी सुटली. सेवंती खिडकीतून हात हलवत होती आणि मी, जिला कधी रडू येत नाही, पदरानं डोळे पुसत होते.

आम्ही रिक्षानं लॅबवर आलो. पोरी आत गेल्या. मी चपला काढल्या, हात धुतले, टोपी घातली. मंजुबेन नळापाशी आल्या. आत जायचं म्हणजे तोंड धुवायचं, हा त्यांचाच नियम. त्यांनी नळ सोडला. ओंजळ पुढं केली. ओंजळ भरून वाहायला लागली तरी त्या तशाच उभ्या. मग पाणी सोडून दिलं, नळ बंद केला.

"शोभा, आज मी मझार येत नही."

मी थक्क झाले. तापात, घरच्या दुखवट्यात, कधीही त्या बाईनं आत जाणं चुकवलं नव्हतं. राख लावून आत जाणंही त्यांना शक्य नव्हतं, नियम म्हणजे नियम. आणि ती धुऊन टाकणंही शक्य नव्हतं. पोरींना हाक मारून त्यांनी सांगितलं, "आज तुम्हीच बघा सगळं," आणि मागच्या शेडनेटकडे चालू लागल्या, जिथं बरणीतून बाहेर काढलेली रोपं मातीत लावून उन्हावाऱ्याची सवय व्हायला ठेवलेली असतात.

आत दिव्यापाशी बसलेल्या नव्या पोरीनं, मंजुबेन नाहीत म्हणून, मनाशी शब्द जुळवून स्वतःच विचारलं, "आज काय मरनं?" दुसरी म्हणाली, "एक. माझ्या हातून." आणि काम सुरू झालं.

त्यानंतरही मंजुबेन आमच्याकडे होत्या, मग मुलाकडे सुरतेला गेल्या. पण मला त्या आठवतात त्या त्याच दिवशीच्या. संध्याकाळी निघताना मी शेडनेटकडे वळून पाहिलं. जूनचा उकाडा, नुसत्या घामाच्या धारा. मंजुबेन वाकून रोपांच्या मुळाशी माती दाबत होत्या. मध्येच थांबायच्या, पदरानं मान पुसायच्या, गळा पुसायच्या, हनुवटी पुसायच्या. कपाळ मात्र त्यांनी पुसलं नाही.